उमरीची मुले समुद्रकाठी

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे गाव मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले आहे. गावाभोवती काळ्या मातीची शेते दूरवर पसरलेली आहेत. तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. पश्चिमेकडील अरबी समुद्र येथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे आणि पूर्वेकडील बंगालचा उपसागरही जवळजवळ तितकाच दूर. त्यामुळे येथील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला असतो, तो केवळ नकाशावरील निळ्या रंगात.

उमरीच्या एका शाळेत जवळच्या खेड्यातून एक मुलगी रोज पायी येत असे. फाल्गुन सरला की त्यांच्या गावची विहीर आटू लागे. मग शाळेत निघण्यापूर्वी दूरच्या विहिरीवरून दोन घागरी पाणी आणणे हे तिचे रोजचे काम होई. पाण्याचे मोल तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. एका वर्षी पौष महिन्यात शाळेची सहल मालवणच्या किनाऱ्यावर जाणार असे ठरले, तेव्हा सर्वांत अधिक आनंद तिलाच झाला. ज्याला तळ नाही आणि ज्याचा पैलतीर दिसत नाही, असे पाणी तिला एकदा डोळ्यांनी पाहावयाचे होते.

पहाटेच्या अंधारात एस. टी. ची गाडी उमरीहून निघाली. नांदेड मागे पडले, उजाडले, लातूर आले. गाडी शहरातून जात असता गुरुजी म्हणाले, "मुलांनो, २०१६ सालच्या उन्हाळ्यात या शहराचे पाणी संपले होते. तेव्हा मिरजेहून आगगाडीने येथे पाणी आणावे लागले. एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली, तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आज सायंकाळी आपण मिरजेवरूनच जाणार आहोत. पाणी ज्या वाटेने इकडे आले, तिकडेच आपण चाललो आहोत."

मुले गप्प झाली. सोलापूर गेले, दुपार कलली, मिरज आली. खिडकीबाहेर हिरवे ऊस दिसू लागले. त्या रात्री मुक्काम कोल्हापुरास झाला.

दुसऱ्या दिवशी गाडीने राधानगरीची वाट धरली. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधावयास घेतलेल्या राधानगरी धरणाचा विस्तीर्ण जलाशय झाडीतून चमकत होता. पुढे दाजीपूरचे दाट अरण्य लागले. गव्यांसाठी ते प्रसिद्ध आहे, परंतु एकही गवा दिसला नाही म्हणून काही मुले खट्टू झाली. मग फोंडा घाट सुरू झाला. वळणावळणाने गाडी खाली उतरू लागली आणि मुलुखाचे रूपच पालटले. काळी माती जाऊन तांबडी माती आली. पत्र्यांच्या व धाब्याच्या घरांऐवजी जांभ्या दगडांची, उतरत्या कौलांची घरे दिसू लागली. परसात माड व पोफळी उभ्या होत्या. उतारांवर काजू आणि आंबा यांच्या बागा होत्या.

"येथील छपरे इतकी उतरती का?" एका मुलाने विचारले.

"पावसासाठी," गुरुजी म्हणाले. "आपल्याकडे वर्षाला सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, येथे सुमारे ३०००. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार इकडेच उतरवतात. डोंगर ओलांडून आपल्याकडे येतात, तेव्हा ते बरेचसे रिकामे झालेले असतात."

दिवस मावळतीला आला असता मुले मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पोहोचली. माडांच्या रांगेतून ती पुढे झाली आणि जागच्या जागी थांबली. समोर समुद्र होता. क्षितिजापासून पायांपर्यंत पाण्याखेरीज दुसरे काही नव्हते. लाटा एकामागून एक येत होत्या, वाळूवर पांढरा फेस सोडून मागे जात होत्या. सूर्याचा तांबडा गोळा पाण्याला टेकला, चपटा झाला आणि पाहता पाहता बुडाला. त्या सोनेरी पाण्यात सिंधुदुर्गाचा काळाभोर तट एखाद्या मोठ्या गलबतासारखा उभा होता. वर शुद्ध पंचमीची कोर दिसू लागली. कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. एरवी वर्गात ज्यांना गप्प बसविणे कठीण जाई, ती मुलेही स्तब्ध उभी होती.

ती मुलगी पाण्यात घोट्यापर्यंत उतरली. तिने ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. दुसऱ्याच क्षणी तिने ते पाणी थुंकून टाकले. मुले हसली. समुद्राचे पाणी खारट असते, हे तिने पुस्तकात वाचले नव्हते असे नाही. परंतु वाचणे निराळे आणि जिभेला कळणे निराळे.

"गुरुजी," ती हिरमुसून म्हणाली, "एवढे पाणी आणि त्यातला एक घोटही पिता येत नाही! मग हे पाणी काय कामाचे?"

गुरुजींनी लगेच उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. आपण येथे दोन दिवस आहोत. समुद्रालाच विचारू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले पुन्हा किनाऱ्यावर आली, तेव्हा वाळूवर मोठी गडबड चालली होती. कोळ्यांनी रापण घातली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे एक फार लांब जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडून माणसे दोर धरून ते हळूहळू ओढू लागतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. म्हातारे, तरुण, बाया, सर्वांचे हात त्याला लागतात. जे मासे मिळतील त्यांचे वाटे पडतात आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला आपला वाटा मिळतो.

"खंयसून इलात?" दोराजवळ उभ्या असलेल्या एका वृद्ध कोळ्याने मालवणीत विचारले. मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. कोठून आलात, असे ते विचारीत आहेत, हे गुरुजींनी सांगितल्यावर सर्वांनी एका आवाजात "उमरीहून!" असे उत्तर दिले. उमरी कोठे हे आजोबांना ठाऊक नव्हते. तरी त्यांनी हसून दोराकडे बोट दाखविले. मुलांना तेवढेच हवे होते. पन्नास लहान हात दोराला लागले. दोर ओला, जड आणि हातांना कापणारा होता. अर्ध्या तासात मुलांचे तळवे लाल झाले. शेवटी जाळे वाळूवर आले, तेव्हा त्यात बांगडे आणि तारल्या चांदीसारख्या उसळत होत्या. मात्र जाळ्याच्या मानाने मासे थोडेच होते.

"एवढेच?" एका मुलाच्या तोंडून निघून गेले.

"कधी एवढे, कधी काहीच नाही," आजोबा म्हणाले. "शेतकऱ्याचे कसे? पेरतो सगळा, उगवते देवाच्या मर्जीने. आमचेही तसेच. पण एक गोष्ट आमच्या हाती असते. लहान पिल्ले जाळ्यात आली की ती परत सोडावी. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, तेव्हा समुद्राला विश्रांती द्यावी." १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करून कोळी पुन्हा समुद्रावर जातात, हेही त्यांनी सांगितले. मग त्यांनी जाळ्यात अडकलेली बोटभर लांबीची काही पिल्ले ओंजळीत घेऊन पाण्यात सोडली.

निघताना आजोबांनी मुलांना एक हिशेब शिकविला. "आज तिथी कोणती?"

"षष्ठी," एक मुलगा म्हणाला.

"सहाची पाऊणपट किती?"

"साडेचार."

"तर आज साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. पहाटे एकदा झाली, दुपारी पुन्हा होईल. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे साडेदहाला पाणी सर्वांत मागे जाईल. कोणतीही तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. आमच्या वाडवडिलांचे घड्याळ हेच."

मुलांना मोठी गंमत वाटली. पाऊणकीचा पाढा समुद्रावर उपयोगी पडेल, असे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. गुरुजींनी त्यामागील कारण समजावून दिले. चंद्राच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी फुगते आणि ओसरते. सूर्याचे आकर्षणही असते, पण ते कमी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. तिथीमागे पाऊण तास धरण्याची रीत म्हणून जवळजवळ बरोबर येते. पौर्णिमेस आणि अमावास्येस चंद्र व सूर्य यांचे बळ एकत्र होते, त्या वेळच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती सर्वांत लहान असते, तिला भांग म्हणतात.

साडेदहाच्या सुमारास खरोखरच पाणी दूर गेले आणि खडक उघडे पडले. खडकांच्या खळग्यांत स्वच्छ पाणी साचून राहिले होते. मुले वाकून पाहू लागली. एका खळग्यात समुद्रफूल आपले मऊ तंतू हलवीत होते. फुलासारखे दिसले तरी तो एक प्राणी आहे. त्यास काडी लागताच त्याने आपले अंग आखडून घेतले. इवले इवले मासे बाणासारखे इकडून तिकडे जात होते. खडकाला चिकटलेली कालवे एक बाई कोयतीने सोडवीत होती. घरच्या कालवणापुरती मिळाली की ती थांबली आणि टोपली उचलून निघून गेली.

एका मुलाने एक सुंदर शंख उचलून हळूच खिशात घातला. थोड्या वेळाने तो ओरडून उड्या मारू लागला, कारण शंख खिशात चालू लागला होता! बाहेर काढून पाहतो तो शंखाच्या तोंडातून चिमुकल्या नांग्या बाहेर आलेल्या. रिकामा शंख पाहून त्यात बिऱ्हाड करणारा तो एक लहानसा खेकडा होता. सर्वजण पोट धरधरून हसले. परंतु गुरुजी म्हणाले, "तुला जो रिकामा वाटला, तो कोणाचे तरी घर होता. या किनाऱ्याजवळ पाण्याखाली प्रवाळ आहेत, त्यांच्या आसऱ्याने असंख्य जीव राहतात. म्हणूनच १९८७ साली मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. दाजीपूरच्या रानात जसा गवा, तसा येथे हा खेकडा." मुलाने शंख जेथून घेतला तेथेच अलगद ठेवला. जवळ उभी असलेली ती मुलगी पुटपुटली, "म्हणजे हे पाणी खारट असूनही कोणाला तरी गोडच आहे."

जेवणे झाल्यावर मुले धक्क्यावरून होडीत बसली. भरती चढत होती. होडी लाटांवर वर जाई आणि खाली येई, तशी मुले एकमेकांना घट्ट धरीत. सिंधुदुर्ग जवळ येऊ लागला, पण दरवाजा कोठे दिसेना. तट अखंड वाटत होता. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या वळणाआड लपलेला दरवाजा दिसला. शत्रूला प्रवेशद्वार सहजी सापडू नये, अशी ती योजना होती.

तटावर चढून गुरुजींनी किल्ल्याची कथा सांगितली. जंजिऱ्याचा सिद्दी, तसेच पोर्तुगीज, इंग्रज आणि डच यांची या समुद्रावर सत्ता होती. ज्याचे आरमार त्याचा समुद्र, हे शिवाजी महाराजांनी ओळखले. मालवणसमोरील कुरटे नावाचे खडकाळ बेट त्यांनी निवडले आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा आरंभ झाला. किनाऱ्यावरील ज्या खडकापाशी पूजन झाले, तो मोरयाचा धोंडा आजही दाखवितात. सुमारे तीन वर्षे काम चालले. बेटाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर असून त्याभोवती सुमारे तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट आहे. साडेतीनशे वर्षे लाटा त्या तटावर आदळत आहेत. किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि काही कुटुंबे अजूनही तेथे राहतात.

"येथे राहतात, तर पितात काय?" त्या मुलीने ताबडतोब विचारले. "चहूकडे तर खारट पाणी!"

गुरुजी हसले आणि सर्वांना घेऊन आत निघाले. किल्ल्याच्या मध्यभागी त्यांनी तीन विहिरी दाखविल्या. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तेथील एका आजींनी पोहरा सोडून पाणी वर काढले व मुलीच्या ओंजळीत ओतले. मुलीने आधी भीत भीत जिभेचे टोक लावले. मग तिचे डोळे विस्फारले आणि ती घटाघटा पाणी प्याली. पाणी गोड होते! उमरीच्या कोणत्याही विहिरीइतके गोड! तटापलीकडे, हाकेच्या अंतरावर, लाटांचा घोष चालू होता.

"हे कसे झाले?" मुलांनी एकच गिल्ला केला.

मुले विहिरीच्या काठी बसली. गुरुजी सांगू लागले. "येथून दक्षिणेस शिरोडे नावाचे गाव आहे. १९३० साली तेथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. मिठागरात समुद्राचे पाणी घेतात आणि उन्हात ठेवतात. काही दिवसांनी तेथे काय उरते?"

"मीठ!"

"आणि पाणी कोठे जाते?"

मुले क्षणभर थांबली. मग ती मुलगी म्हणाली, "आभाळात."

"बरोबर. समुद्र हेच एक अफाट मिठागर आहे. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सूर्य पाण्याची वाफ करतो, पण क्षार खालीच राहतात. वर जाते ते केवळ गोडे पाणी. त्याचेच ढग होतात आणि तेच पाणी पाऊस होऊन या बेटावर पडते. ते खडकांच्या भेगांतून मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते. म्हणून समुद्रातील बेटाच्या पोटात मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत राहते. बेतानेच उपसावे, म्हणजे ते पुरते. हावरेपणाने उपसले, तर बाजूचे खारे पाणी आत शिरते आणि विहीर कायमची बिघडू शकते."

मग ते थोडे थांबून म्हणाले, "आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोकणात एवढा पाऊस पडतो, तरी चैत्र-वैशाखात येथील कित्येक वाड्यांना पाण्याची टंचाई भासते. डोंगर उभे, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. पडलेले पाणी धावत सुटते आणि पाहता पाहता समुद्रास मिळते. आणि येथे, भर समुद्रात, साडेतीनशे वर्षे गोडे पाणी पुरले आहे. किल्ला बांधणाऱ्यांनी तटाइतकीच पाण्याचीही काळजी वाहिली होती. पाणी किती पडते, एवढ्यावर सारे अवलंबून नसते. पडलेले पाणी किती राखले, यावरही असते."

मुलगी विहिरीत वाकून पाहत राहिली. आपल्या गावची आटलेली विहीर तिला आठवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुले तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवरून देवबागला गेली. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी. पट्टीच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते. नदीचे शांत हिरवे पाणी आणि समुद्राचे उसळते निळे पाणी एकमेकांत मिसळताना मुलांनी पाहिले.

"आपली गोदावरी अशीच कोठेतरी समुद्राला मिळत असेल ना?" एकाने विचारले.

"मिळते, पण या समुद्राला नव्हे," गुरुजी म्हणाले. "गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, तेथून हा पश्चिमसमुद्र केवळ ऐंशी किलोमीटरवर आहे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. १४६५ किलोमीटर चालून, वाटेत आपल्या नांदेडला आणि उमरी तालुक्याला पाणी देऊन, ती बंगालच्या उपसागरास मिळते. आपल्या शेतावर जो पाऊस पडतो, त्यातील काही या समुद्रावरून येतो, तर काही त्या पूर्वेच्या समुद्रावरून. गोदावरीने तिकडे नेलेले पाणी ढगांच्या रूपाने पुन्हा आपल्याकडे येऊ शकते. आपले गाव समुद्रापासून दूर आहे, असे आपण म्हणतो. खरे पाहता ते दोन समुद्रांच्या मधोमध उभे आहे आणि दोघांचेही देणे घेत आहे."

निघण्याची वेळ झाली. कोणी वाळू पुडीत बांधून घेतली, कोणी रिकामे, खरोखरच रिकामे, शिंपले घेतले. ती मुलगी मात्र आपली पाण्याची लहान बाटली समुद्राच्या पाण्याने भरून घेऊन आली. "खारट पाणी पाचशे किलोमीटर वाहून न्यावयाचे?" असे म्हणून मैत्रिणी हसल्या. तिने उत्तर दिले नाही.

उमरीला आल्यावर तिने ते अर्धा लिटर पाणी एका पसरट ताटात ओतले आणि ताट घराच्या धाब्यावर उन्हात ठेवले. रोज सकाळी ती ते पाही. पाणी दिवसेंदिवस कमी होत होते. शेवटी एके दिवशी ताटात फक्त पांढरे, चमकदार कण उरले. तिने ते कागदावर गोळा करून शाळेत आणले आणि गुरुजींच्या तराजूत घातले. सुमारे सतरा ग्रॅम भरले. वर्गातल्या प्रत्येकाने त्यातला एक कण जिभेवर ठेवून पाहिला. मालवणचा समुद्र उमरीच्या शाळेत आला होता. त्यातील पाणी मात्र कोणालाही न दिसता आभाळात निघून गेले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मुलांनी गुरुजींच्या साहाय्याने एक काम केले. शाळेच्या छपरावरून पडणारे पावसाचे पाणी दर वर्षी अंगणातून वाहून रस्त्यावर जाई. मुलांनी फावड्याने चर खणून त्याची वाट आवारातील कोरड्या विहिरीकडे वळविली. वाटेत वाळू आणि खडी यांचा थर घातला, म्हणजे गढूळ पाणी गाळून आत जावे. चर खणताना हातांना फोड आले. रापणीचा दोर ओढलेल्या हातांना त्याचे काही वाटले नाही.

जून महिना आला. शाळा सुरू झाली. एका दुपारी आकाश काळवंडले, वारा सुटला आणि टपोरे थेंब पडू लागले. मातीचा सुगंध दरवळला. मुले ओसरीत धावली. पागोळ्या गळू लागल्या आणि थोड्याच वेळात चरातून पाण्याची पहिली धार विहिरीकडे निघाली. ती मुलगी पुढे झाली. दांडीच्या किनाऱ्यावर धरली होती तशीच तिने ओंजळ धरली. पागोळीचे पाणी तिच्यात भरले. तिने ते ओठांना लावले.

"कसे आहे?" मैत्रिणींनी विचारले.

"गोड," ती म्हणाली आणि उरलेले पाणी तिने चरात सोडले.

स्वाध्याय

१. समुद्राचे पाणी प्रथम चाखल्यावर त्या मुलीने कोणता प्रश्न विचारला? त्याची कोणकोणती उत्तरे तिला सहलीत मिळाली?
२. शुद्ध दशमीला मालवणच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती किती वाजण्याच्या सुमारास होईल? ओहोटी केव्हा होईल? आजोबांच्या हिशेबाने काढा.
३. सिंधुदुर्गावरील विहिरींचे पाणी गोड कसे राहते, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. 'उमरी दोन समुद्रांच्या मधोमध उभी आहे,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या शाळेच्या छपरावरील पावसाचे पाणी कोठे जाते, ते पाहा आणि ते राखण्यासाठी काय करता येईल, याविषयी दहा ओळी लिहा.